मोतीमाळेला पाणी कोणी घातलं

मे महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी पावणेआठच्या सुमारास नागपुरातल्या आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये टांगलेल्या मोतीमाळेच्या सहा लडी मुळाशी तुटून फरशीवर पडल्या. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या बसनं माझी आई भिवापूरला निघून गेली. या दोन घटनांच्या मध्ये मी तिला काही बोललो होतो. ते चूक होतं हे ठरायला दहा दिवस लागले.

मोतीमाळ हे आमच्या घरातलं नाव. नर्सरीवाला तिला नुसतं 'पर्ल' म्हणतो. टांगत्या कुंडीच्या कडेवरून तिच्या बारीक दोऱ्या खाली लोंबतात आणि प्रत्येक दोरीवर हिरवे, गोल, वाटाण्याएवढे मणी असतात. हे मणी म्हणजे तिची पानं. त्यांत पाणी साठलेलं असतं. प्रत्येक मण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, तिच्यातून उजेड आत जातो. मुळं फार वरवरची, माती जेमतेम चार बोटं लागते. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. पाणी फार थोडं.

माझी पत्नी बँकेत आहे. तिची शाखा रामदासपेठेत. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत घरी येताना तिनं हे झाड आणलं, तेव्हा त्याला तीन लडी होत्या. नर्सरीवाल्यानं तिला सांगितलं होतं, ''मॅडम, याले पंधरा दिवसांतून एकदा पाणी. त्याच्यापेक्षा जास्त लाड नका करू.'' या एप्रिलपर्यंत लडी बारा झाल्या होत्या आणि सर्वांत लांब लड एकतीस इंचांची होती. ती मोजायची पत्नीची सवय होती. रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ती शिवणाच्या टेपनं मोजायची.

पाणी घालण्याचं काम माझ्याकडे होतं. एका दैनिकाच्या डेस्कवर एकोणतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो, त्यानंतर घरातली बरीच कामं माझ्याकडे आली. झाडासाठी मी एक वही केली होती. पाणी घातलं की तारीख लिहायची. वहीत दुसरा रकाना नव्हता.

आई जानेवारीत आमच्याकडे आली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वडील गेल्यानंतर दोन वर्षं ती भिवापूरच्या घरात एकटी राहिली. तिनं आमच्याकडे कायमचं यावं असं आमचं म्हणणं होतं. तिचं म्हणणं वेगळं होतं. ''उन्हाळाभर राहून पायतो,'' ती म्हणाली, ''जमलं त राहीन, नाही जमलं त माहं घर हाय.'' असं ठरलं. मुलगा पुण्याला असतो, त्याची खोली आईला दिली. तिनं सोबत दोन पिशव्या आणि मिरचीचा एक डबा आणला. तिकडची मिरची नावाजलेली, त्यामुळे डबा आणणार हे गृहीतच होतं. तिचं सारं आयुष्य मिरचीत गेलं आहे. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिनं मिरचीच्या सातऱ्यावर काम केलं. ओली मिरची उन्हात पसरायची, उलटायची, वाळली की देठ तोडायचे.

मोतीमाळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पत्नीला म्हणाली, ''हे काय वं, वटाणे टांगून ठेवले?''

''आई, ते शोचं झाड आहे. खायचं नाही,'' पत्नी म्हणाली.

''मले काय भाजी कराची हाय त्याची? विचारून राहिली फक्त.''

तेव्हाच पत्नीनं तिला सांगितलं की या झाडाला पाणी घालायचं नाही, ते काम माझं आहे. आई ''बरं'' म्हणाली. नंतर त्या झाडाचा विषय तिनं स्वतःहून काढल्याचं मला आठवत नाही. एक प्रसंग सोडून, तो पुढे येईल.

आईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आंघोळ झाली की हॉलमधल्या फळीवर ठेवलेल्या बुद्धमूर्तीपुढच्या वाटीतलं पाणी ती बदलते. कालचं पाणी बेसिनमध्ये ओतत नाही, झाडाला घालते. ही तिची भिवापूरपासूनची पद्धत. मूर्तीची फळी आणि मोतीमाळेची कुंडी यांत साधारण पाच पावलांचं अंतर होतं. माझा पुढचा सगळा निष्कर्ष या पाच पावलांवर उभा होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कूलर लावला. नागपुरात हे काम सगळ्यांचं एकाच सुमारास निघतं. गच्चीवरून कूलर उतरवायचा, टाकी धुवायची, पंप चालतो का पाहायचं, वाळ्याच्या ताट्या भरायच्या आणि खिडकीला लावायचा. त्या आठवड्यात कॉलनीतल्या प्रत्येक खिडकीतून ओल्या वाळ्याचा वास येतो. आमच्या हॉलची पूर्वेची खिडकी कूलरला दिली. मोतीमाळ त्याच खिडकीत होती. दुसऱ्या खिडकीतून दुपारी झळ येत होती. म्हणून मी छतातल्या हुकाला साखळी लावून कुंडी हॉलच्या मध्ये टांगली, कूलरच्या तोंडापासून चार फुटांवर. माणसाला जो गारवा हवा तो झाडालाही मिळेल असा विचार होता. खालच्या मजल्यावरच्या बाई ते पाहून म्हणाल्या, ''भाऊ, तुमचं झाड आमच्यापेक्षा मजेत आहे.'' कुंडी हलवल्याची नोंद मी वहीत केली नाही.

या बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्या बाल्कनीत गोडनिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं झाड आहे, त्याची पानं न्यायला त्या आठवड्यातून दोनदा येतात. आईशी त्यांची चांगली गट्टी जमली होती. त्या तिला मावशी म्हणत.

त्या शुक्रवारी त्या पानांसाठीच आल्या होत्या. पत्नी डबा भरत होती. आई सोफ्यावर बसून लसूण सोलत होती. कूलर चालू होता. लडी पडल्या तेव्हा आवाज जवळजवळ झाला नाही. काही मणी सुटून सोफ्याखाली गेले. पत्नी डबा हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मी स्टूल आणून कुंडी उतरवली. माती काळी पडली होती. बोट दाबलं तर पाणी वर आलं. लडींची मुळाकडची टोकं तपकिरी आणि लिबलिबीत होती. हे पाणी जास्त झाल्याचं लक्षण आहे, एवढं मला माहीत होतं. मी वही पाहिली. शेवटचं पाणी बारा दिवसांपूर्वी घातलेलं होतं.

मी म्हणालो, ''आई, तू ते वाटीतलं पानी रोज या कुंडीत टाकून राहिली होती ना?''

''नाही.''

''मंग कोनं टाकलं? घरात तिघं जण हावो. मी नाही, ही नाही.''

''मी नाही टाकलं म्हनून सांगून राहिली ना तुले.''

''तुले सांगतलं होतं याले पानी नको म्हनून. बारा लडीचं झाड होतं.''

खालच्या बाई पानं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. प्रकरण मिटवायला म्हणून त्या म्हणाल्या, ''जाऊ द्या ना भाऊ. म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात नाही राहत. माझ्या सासूबाई तर जेवल्याचं विसरून दोनदा जेवायच्या.''

आईनं लसणाची परात खाली ठेवली. ''माह्या ध्यानात सारं राहते,'' ती म्हणाली आणि खोलीत गेली.

पत्नी बँकेत गेली. मी फरशी पुसली. दुपारी दोनच्या सुमारास आई खोलीतून पिशवी घेऊन बाहेर आली. मी विचारलं, कुठं चालली. ती म्हणाली, घरी. मी म्हणालो की पंचेचाळीसच्या उन्हात कोणी निघतं का, तर ती चारपर्यंत पिशवीशेजारी बसून राहिली. एवढ्या वेळात तिनं एकच गोष्ट विचारली, रिक्षा दारात येते की चौकापर्यंत जावं लागते.

मी पत्नीला फोन केला. पत्नी आईशी बोलली. आईचं बोलणं मला ऐकू येत होतं. ''नाही वं, तुह्यावर राग नाही. तुहं झाड गेलं त तुले वाईट वाटनारच. पन ध्यानात राहत नाही असं मानूस घरात ठेवावं काहून? उद्या गॅस चालू राहिला त म्हनाल बुढीनं ठेवला.'' मग पत्नी बराच वेळ बोलली. आई ''हो'', ''हो'' म्हणत राहिली आणि फोन माझ्याकडे दिला.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. मी खाली उभा होतो. बस निघेपर्यंत ती समोर पाहत होती.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. डेस्कवर असताना, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय मी बातमी सोडत नसे. आईचं म्हणणं मी घेतलं होतं. ती दोनदा ''नाही'' म्हणाली होती. मी ते विचारात घेतलं नाही, कारण माझ्याकडे वही होती.

शनिवारपर्यंत आणखी चार लडी गेल्या. उरलेल्या दोन अजून हिरव्या होत्या. पत्नीनं त्या कापल्या नाहीत. ''राहू द्या तशाच. पाहू,'' ती म्हणाली आणि कुंडी परत हुकाला लावली. तिला राग आला होता की नाही ते तिनं सांगितलं नाही. त्या आठवड्यात टेप कपाटातच राहिला.

रविवारी मी कुजलेली एक लड कागदात गुंडाळून नर्सरीत नेली. नर्सरीवाल्यानं ती वास घेऊन पाहिली.

''पाणी किती देत होते?''

''पंधरा दिवसांतून एकदा.''

''नाही होत साहेब असं. हे पाण्यानंच गेलं. घरात कोणीतरी खोटं बोलून राहिलं.''

एका माहीतगार माणसाचा दुजोरा मिळाला, असं मी धरलं. आता आई नसल्यामुळे प्रश्न सुटला, असंही धरलं. कुंडीला पाणी घालायचं नाही, एवढं ठरवलं.

आठ दिवसांनी, दुसऱ्या सोमवारी सकाळी, मी कुंडी उतरवून मातीत बोट घातलं. माती ओलीच होती. पाणी वर आलं नाही, पण बोटाला चिखल लागला. मेच्या शेवटी नागपुरात बाल्कनीतली कुंडी सकाळी भरली तर दुपारी कोरडी होते. घरात आता दोघंच होतो. मी पाणी घातलं नव्हतं. पत्नीला विचारलं.

''मी? मी हात तरी लावते का तिला?'' ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, ''आईंनी पण नव्हता लावला बहुतेक.''

त्या दिवशी मी तीन गोष्टी तपासल्या. खरं तर त्या पहिल्याच दिवशी तपासायच्या होत्या.

टेप काढून हुकाला टांगलेल्या कुंडीची उंची मोजली. कड जमिनीपासून सहा फूट एक इंचावर होती. आईची उंची चार फूट नऊ इंच आहे. स्टूल लोखंडी आहे, ते स्वयंपाकघरातून ओढत आणावं लागतं आणि फरशीवर त्याचा एवढा आवाज होतो की खालच्या बाई त्याबद्दल दोनदा बोलून गेल्या आहेत. पहाटे पाचला असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

मग जुन्या वर्तमानपत्राचा एक कोरडा चौकोन कापून कुंडीच्या मातीवर, खाली प्लास्टिक घालून, ठेवला. दुसरा तसाच कागद आईच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला. कूलर सकाळी दहाला लावला आणि एकला बंद केला. खोलीतला कागद कुरकुरीत होता. कुंडीतला उचलताना मधून फाटला. आरसा आणून कूलरच्या तोंडासमोर चार फुटांवर धरला, तर काही मिनिटांत त्यावर बारीक थेंब दिसले. मग कूलर उघडून पाहिला. बोअरच्या पाण्याचे क्षार डाव्या ताटीत दगडासारखे बसले होते. पाणी ताटीतून झिरपण्याऐवजी कडेनं उडत होतं आणि पंखा ते आत फेकत होता. दिवसाचे दहा तास, पाच आठवडे. त्यात घरातली हवा आधीच दमट, त्यामुळे मातीतलं पाणी उडून जायला जागा नव्हती.

तिसरी गोष्ट मिरचीची. आई जाताना तिचा डबा खोलीतच राहिला होता. त्यातल्या थोड्या मिरच्या पत्नीनं जानेवारीतच हॉलला लागून असलेल्या ओट्यावरच्या बरणीत काढल्या होत्या. बरणीतली एक मिरची वाकवली, ती तुटली नाही, चामड्यासारखी वळली. आईच्या डब्यातली कडकन मोडली.

तेव्हा मला तो प्रसंग आठवला. कूलर लावल्यावर आठवड्याभरानं आईनं तिचा डबा स्वयंपाकघरातून उचलून आपल्या खोलीत नेला होता. जाताना ती हॉलमध्ये थांबली आणि म्हणाली, ''इथं ओल धरून राहिली. तुह्या वटाण्याले पन सरकव.'' मी ''हो'' म्हटलं होतं. मी काय करत होतो ते मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मंगळवारी सकाळच्या बसनं मी भिवापूरला गेलो. तिच्या घरापुढच्या मांडवाखाली आई आणि शेजारच्या दोघी जणी वर्षाच्या तिखटासाठी मिरचीचे देठ तोडत बसल्या होत्या. मला दोनदा ठसका लागला. शेजारणी हसल्या.

''शहरात गेला त मिरची सहन नाही होत का गा?'' एक म्हणाली.

मी तिथंच, उभ्यानं, काय निघालं ते आईला सांगितलं. कागद, आरसा, ताटी, सहा फूट एक इंच. आईचे हात चालूच होते.

''मंग आता कळलं तुले?'' ती म्हणाली. ''मी त एप्रिलातच सांगतलं होतं ओल हाय म्हनून.''

''सांगतलं होतं. माह्या ध्यानात नाही राहिलं.''

''कसं राहीन? तू पेपर वाचून राहिला होता. पेपरातलं सारं ध्यानात राहते तुह्या.''

शेजारणी पुन्हा हसल्या. मी म्हणालो, चूक माझी होती, आता चल. तिनं एक देठ तोडून बाजूला टाकला.

''इथं सांगून काय फायदा? या बायाईनं थोडी म्हटलं मले भुलक्कड. जिथं म्हटलं थिथं सांग. ज्याईच्या समोर म्हटलं त्याईले सांग.''

''अन् सांगतलं त येशीन?''

''पाहू.''

तिनं चहा केला, जेवायला वाढलं आणि तीनच्या बसला मला पाठवून दिलं.

चूक ज्या पानावर छापली त्याच पानावर दुरुस्ती द्यावी, हा डेस्कचाही नियम आहे. तो मला तिच्यासमोर सांगण्याची गरज पडली नाही.

संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. खालच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही न बोलता ऐकलं, हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं.

''म्हणजे भाऊ, झाड तुम्हीच मारलं?''

''हो.''

''आणि मावशी बिचाऱ्या उन्हात गेल्या.'' मग त्यांचा चेहरा पडला. ''आता एक सांगू का, रागावू नका. मी ना, चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं होतं. आणि लिफ्टमध्ये एक-दोघींना. की मावशींना आता विसरायला होतं म्हणून. म्हणजे काळजीनंच सांगितलं हो मी.''

म्हणजे पान एक नव्हतं. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकायचं ठरवलं. पत्नीनं तो वाचला आणि 'गैरसमज झाला होता' हे शब्द काढायला लावले. ''गैरसमज होत नाही, तो कोणीतरी करतं,'' ती म्हणाली. शेवटी गेला तो मजकूर असा होता:

'आमच्या घरातलं टांगतं झाड माझ्या आईनं जास्त पाणी घातल्यामुळे मेलं, असं मी म्हटलं होतं. ते खोटं आहे. झाड मी कूलरसमोर टांगलं आणि कूलरच्या पाण्यानं ते कुजलं. आईनं त्याला कधीच पाणी घातलं नाही. उलट, तिथं ओल आहे हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.'

पहिलं उत्तर अध्यक्षांचं आलं: ग्रुपवर कृपया फक्त सोसायटीचे विषय टाकावेत. त्यानंतर पहिल्या मजल्यावरून, ताट्या बदलणाऱ्याचा नंबर कोणाकडे आहे का. चौथ्या मजल्यावरून, तरीच आमच्या कूलरसमोरचं कॅलेंडर दर मे महिन्यात ओलं होते. एकानं लिहिलं, आजी परत कधी येणार? खालच्या बाईंनी हात जोडल्याची चार चिन्हं टाकली आणि मग वर येऊन माझ्या फोनवरून आईला फोन लावायला सांगितला.

फोन त्यांनी बाल्कनीत नेला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं. ''मावशी, मी बोलून राहिली... हो... नाही, माझंच चुकलं... नाही नाही, सासूबाईंचं खरं आहे, दोनदाच जेवायच्या... हो, सगळ्यांनी वाचलं... गोडनिंब? आहे, पण पिवळा पडून राहिला, तुमच्याशिवाय कोण पाणी घालते त्याले...'' वाटीतलं पाणी कुठं जात होतं, हे मला या वाक्यावरून कळलं.

आई जूनच्या शेवटच्या रविवारी आली. कधी येणार ते तिनं कळवलं नव्हतं. रिक्षातून तिच्यासोबत एक पिशवी जास्त उतरली. ती जड होती. आत फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे तुकडे आणि नदीची जाडी रेती होती. मोतीमाळेच्या दोन लडी तोपर्यंत आईच्या रिकाम्या खोलीत खिडकीत ठेवलेल्या होत्या. पत्नीनं त्या आईसमोर ठेवल्या.

''कशी लावाची हे?'' आईनं विचारलं.

''लड मातीवर गोल करून ठेवायची, खोल पुरायची नाही. जिथं टेकते तिथं मुळं फुटतात.''

''मंग सोपं हाय.''

दोघी जमिनीवर बसल्या. आईनं कवेलू खलबत्त्यात जाडसर कुटले, चाळले, बारीक भुगा टाकून दिला. एक वाटी माती, एक वाटी रेती, एक वाटी कवेलू. जुनी कुंडी तिनं नाकारली, ती खोल होती. पसरट मातीचं परळ घेतलं आणि त्याच्या बुडाला खिळ्यानं आणखी दोन भोकं पाडली. पत्नीनं लडी मुळाशी कापून त्यावर वळवून ठेवल्या. आईनं लगेच पाणी घालू दिलं नाही.

''कापलेलं वाळू दे वं आधी. मिरचीचा देठ तोडल्यावर लगेच पोत्यात भरते का कोनी?''

पाणी पाचव्या दिवशी घातलं. ते कधी घालायचं हे आई मणी दाबून ठरवते. मणी घट्ट असला तर नाही, चिमटीत थोडा दबला तर हो. ''मिरचीचं उलटं हाय हे,'' ती म्हणाली, ''मिरची मऊ लागली त बिघडली, हे मऊ लागलं त तहानलं.'' वहीत आता दोन रकाने आहेत, पाणी आणि जागा. दुसऱ्या रकान्यात आतापर्यंत एकच नोंद आहे: आईची खोली, उत्तरेची खिडकी. पहिला रकाना आई सांगते तेव्हा मी भरतो. परळ साडेतीन फुटांवरच्या फळीवर आहे.

उन्हाळाभर राहून पाहायचं असं जानेवारीत ठरलं होतं. उन्हाळा संपला, कूलर गच्चीवर गेला, पोळा झाला. राहण्याचा विषय आम्ही काढला नाही, तिनंही काढला नाही. सप्टेंबरमध्ये मुळांच्या जागी तीन नवीन लडी फुटल्या. पत्नीनं टेप काढला. त्यांतली सर्वांत लांब सव्वाचार इंच भरली.

गेल्या रविवारी जेवताना आई मला म्हणाली, ''उद्या भिवापूरले जाचं हाय. तू चल. उचलाले मानूस पाह्यजे.'' काय उचलायचं ते तिनं सांगितलं नाही. सोमवारी आम्ही सकाळच्या बसनं गेलो. तिनं घर झाडलं, खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरातली शेगडी पुसून फडक्यात बांधली. मग मला सिलिंडर उचलायला सांगितलं. एजन्सीत तिनं स्वतः अर्जावर सही केली. तिथल्या माणसानं सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून घेतले आणि भिवापूरचं गॅस कनेक्शन बंद केल्याची पावती तिच्या हातात दिली.